अठरा गुणांची रेघ

ऑस्टरफेन, २४ सप्टेंबर १९५१

बाळ लुब्बर्ट,

तुझं पुडकं पोचलं. एकशे साठ तक्ते, दोन पेन्सिली, आणि तुमच्या गृहसुधार मंडळाचा शिक्का मारलेलं ओळखपत्र. त्यावर ‘श्रीमती गे. वोल्टहाउस, गृहनिरीक्षक’ असं छापलंय. गेल्या वर्षी सुईणीचं काम सोडलं तेव्हा वाटलं होतं, आता खिडकीशी बसून मोजे विणायचे. तू मध्येच हे काढलंस. मोजे राहिले.

ओळखपत्र अजून पिशवीतून काढावं लागलेलं नाही. टुर्फकाडेच्या त्या कालव्याकाठच्या गल्लीत मी एकतीस वर्षं बाळंतपणं केली. निम्मी गल्ली मी जन्मताच पायाला धरून उलटी केलेली आहे. त्यांना शिक्का काय दाखवायचा?

तक्ता मात्र अजब आहे हं तुझा. पलंग किती, माणसं किती, चादरी आहेत का, पडदे आहेत का, घड्याळ चालतं का, टेबलावर कापड घालून सगळे एकत्र जेवतात का. चाळीस प्रश्न, चाळीस गुण. आता ऐक. पहिल्या घरी टेबलावर छान निळ्या काठाचं कापड. एका कोपऱ्यात इस्त्रीचा डाग. दुसऱ्या घरी गेले, तर निळ्या काठाचं कापड आणि कोपऱ्यात इस्त्रीचा डाग. तिसऱ्या घरी त्याच्यावर ताक सांडलं. चौथ्या घरी ते कापड दमट होतं आणि घरधनीण माझ्या नजरेला नजर देत नव्हती. मी पुढच्या दाराशी बसून प्रश्न विचारतेय तोवर मागच्या दाराने पोरं ते कापड पळवत होती. चौघींनाही एकेक गुण दिला. का पाव-पाव द्यायचा होता, ते कळव.

आणखी एक. ‘गावातले इतर लोक या कुटुंबाला घरी बोलावतात का?’ असा प्रश्न आहे. कालव्यापलीकडचं कुणीही यांना बोलावत नाही, आणि गल्लीत कुणी कुणाला बोलवायची गरज पडत नाही, लोक तसेच येतात. मी सगळीकडे ‘नाही’ लिहिलंय. बरोबर ना?

अंगात लोकर घालत जा. हेगची हवा वाईट.

तुझी
गेझिनामावशी


हेग, २ ऑक्टोबर १९५१

प्रिय मावशी,

निळ्या काठाच्या कापडाची गोष्ट वाचून आम्ही कचेरीत पोट धरून हसलो. आमचे प्रमुख फान आस्पेरेन साहेब सहसा हसत नाहीत, त्यांनाही वाचून दाखवली. त्यांनी ती जागा पुन्हा वाचायला सांगितली आणि चारही घरांचे क्रमांक टिपून घेतले. वस्तू उसनी असेल तर शून्य, मावशी. आणि समासात ‘दाखवण्यासाठी जमवाजमव’ असा शेरा.

तुला तक्ता अजब वाटला, म्हणून थोडं सांगतो. किती भाकरी लागते, किती कोळसा लागतो, ते जमतं की नाही, एवढ्यावरून गरीब कोण ते पूर्वी ठरवत. पण पोट भरलेला माणूससुद्धा गावाबाहेर पडलेला असू शकतो. त्याच्या मुलांना कुणी खेळायला बोलावत नाही, त्याला बरं कापड नाही म्हणून तो चर्चमध्ये जात नाही, हळूहळू तो दिसेनासाच होतो. चारचौघांसारखं जगता येतं की नाही, हे मोजलं पाहिजे. तेच मी मोजायला बघतोय. दोन वर्षं बसलोय या चाळीस प्रश्नांवर.

आणि आजवर मदत कुणाला द्यायची हे चर्चची वडील मंडळी तोंड बघून ठरवायची, हे तूच मला लहानपणी चिडून सांगायचीस. आता आकडा ठरवेल. आकड्याला भाचा नसतो, मेहुणा नसतो.

अठरावर रेघ आहे. अठराच्या खाली जी कुटुंबं येतील त्यांची मंडळ खास दखल घेणार आहे. गुण मात्र घरच्यांना सांगू नकोस, त्याने उत्तरं बिघडतात.

तुझा
लुब्बर्ट


ऑस्टरफेन, १९ ऑक्टोबर १९५१

बाळ लुब्बर्ट,

चारचौघांसारखं म्हणतोस, पण हे चारचौघं कोण? टुर्फकाडेवरच्या बायकांनी कुणासारखं राहायचं? पाद्रीसाहेबांच्या बायकोसारखं, त्या पाद्रीबाईंसारखं? त्यांच्याकडे सहा टेबलक्लॉथ आहेत आणि जेवायला दोन माणसं. हे तुझ्या दोन वर्षांत बसलं का कुठे?

बरं, रागावू नकोस. काम छान चाललंय. निम्मी घरं झाली, पुडकं कालच टपालात टाकलं. आणि तुझ्या ‘खास दखल’चा अर्थ मला कळत नाही असं समजू नकोस. गावाच्या पूर्वेला नवी घरं उठताहेत, नळ आणि संडास आत. सगळी गल्ली त्यावरच बोलते. कमी गुण म्हणजे जास्त नड, आणि जास्त नड म्हणजे आधी घर, एवढं गणित सुईणीलाही येतं.

हार्बर्सांच्या दिर्क्येची आठवण आहे तुला? तुझ्याहून चार वर्षांनी मोठी. कालव्यात पडलास तेव्हा तिनेच तुला कॉलरला धरून काढलं होतं. आता तिला पाच मुलं आहेत, सहावं फेब्रुवारीअखेर. नवरा राइन्ट स्टार्चच्या कारखान्यात, तिथे बटाट्यांच्या हंगामापुरतंच काम. घर झाडूनपुसून लख्ख, पण कालव्याकडची भिंत ओली. हात लावला तर तळव्याला पाणी येतं. धाकटे दोघे सारखे खोकतात.

प्रामाणिकपणे मोजले तर तिचे वीस होत होते. मी पेन्सिल खाली ठेवली.

“दिर्क्ये, घड्याळ भिंतीवरून काढ,” म्हटलं.

“का? चालतंय की ते.”

“म्हणूनच काढ. कपाटात ठेव. आणि चांगल्या चादरी पण.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “बाई, तुम्ही येणार म्हणून सकाळपासून घासतेय मी.”

“घासलंस ते घासलंस. आता मला दिसायला नको. तुला ती ओली भिंत सोडायची आहे ना?”

मग हसली आणि स्टुलावर चढली. चौदा लिहिले. आणखी तीन घरांत असंच केलं, जिथे खोकणारी पोरं आहेत तिथे. पाद्रीबाई इतकी वर्षं आपल्या माणसांना पुढे सरकवतात, एकदा मी सरकवलं.

यान्ना स्लोट मात्र ऐकेना. ती विधवा, दोन मुली, थोरलीची छाती अधू. तिला म्हटलं पडदे उतरव, तर म्हणे, “आहे ते लिहा बाई. मी कधी खोटं सांगून काही घेतलं नाही.” तिचे बरोबर अठरा झाले. बसली आता काठावर. हट्टी माणसांचं असंच होतं.

तुझी
मावशी


हेग, २७ ऑक्टोबर १९५१

प्रिय मावशी,

असं करू नकोस. जे दिसतं तेच लिही. कमी गुण म्हणजे आधी घर, असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

आणि असलं काही पत्रात लिहीत जाऊ नकोस. इथे पत्रं कचेरीच्या पत्त्यावर येतात. पुढचं पत्र माझ्या खोलीवर पाठव, पत्ता मागे दिला आहे.

तुझं पुडकं शुक्रवारीच टंकलेखन विभागात गेलं. आता ते माझ्या हातात नाही. काळजीचं काही कारण नाही, फक्त उरलेल्या घरांना नियमाप्रमाणे गुण दे. जी काही दखल घेतली जाईल ती त्या लोकांच्या भल्यासाठीच असेल.

दिर्क्येने मला कालव्यातून काढलं होतं हे मी विसरलो होतो. तुझे गुडघे कसे आहेत? थंडीत फार चालू नकोस.

लुब्बर्ट


ऑस्टरफेन, २६ नोव्हेंबर १९५१

लुब्बर्ट,

महिनाभर लिहिलं नाही, कारण ‘काळजीचं कारण नाही’ हे वाक्य तू लहानपणी कधी म्हणायचास ते मला आठवत होतं. मुद्दाम थांबून बघितलं.

गेल्या सोमवारी गल्लीत राखाडी मोटार आली. दोघे होते. एक चष्मेवाला, एक बुटांत विजार खोचलेला. ते अकरा घरांत गेले, फक्त अकरा, आणि त्या अकरांत मी गुण कमी केलेली चारही होती. दिर्क्येच्या घरी मी योगायोगाने होते, तिचं पोट तपासत होते. बूटवाल्याने विचारलंही नाही, कपाट उघडलं. घड्याळ आत टिकटिकत होतं. त्याने ते चष्मेवाल्याला दाखवलं आणि चष्मेवाल्याने लिहून घेतलं. “लपवाछपवी,” असं मोठ्याने म्हणत लिहिलं. मग चादरींचा वास घेतला. मग रूलीला, थोरल्या पोरीला, जवळ बोलावून विचारलं, “वय किती? कोणाबरोबर झोपतेस?” पोर बारा वर्षांची. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

मी ओळखपत्र काढलं. चष्मेवाला अगदी अदबीने म्हणाला, “श्रीमती वोल्टहाउस, आपल्या कामाबद्दल मंडळ आभारी आहे. आपण नसता तर या घरांत आत काय आहे ते कळलं नसतं.”

दिर्क्येने ते ऐकलं.

यान्नाच्या दाराकडे ते वळलेही नाहीत.

बुधवारी दुकानात पाद्रीबाई म्हणाल्या, “बरं झालं, अखेर माळावर हलवताहेत त्या लोकांना.” मी विचारलं कुठला माळ. मग गुरुवारी बस धरली, शेवटच्या थांब्यापासून तासभर चालले. तुला तिथलं सांगते, कारण तू ते फक्त कागदावर बघितलं असशील. नवी घरं आहेत, चोवीस. नळही आहेत. चौकाभोवती गोल मांडलीत, आणि मधोमध एक घर आहे त्याला चारी बाजूंनी काचा. एकाही घराच्या खिडकीला पडदा लावायला दांडी नाही. एक लांबट शेड आहे. मला वाटलं गाड्या ठेवायला, तर सामानाला धुरी द्यायला. गडी तार ओढत होता. त्याला विचारलं, कुंपण कशाला, जनावरं आहेत का? म्हणाला, “नाही बाई, कुटुंबं येणार आहेत. राहायला शिकवणार आहेत त्यांना.”

सरळ विचारते, सरळ सांग. अठराच्या खालची माणसं तिथे जायची, हे तुला माझं ऑक्टोबरचं पत्र वाचताना माहीत होतं का?

आणि हार्बर्सांचा तक्ता वीसचा कर. तिचे वीस आहेत. चौदा माझे आहेत. बाकी तिघी खऱ्या मोजल्या तरी अठराच्या खालीच होत्या.

गेझिना वोल्टहाउस


हेग, ३ डिसेंबर १९५१

प्रिय मावशी,

माहीत होतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी पुडकं अजून माझ्याच टेबलावर होतं. ‘टंकलेखनात गेलं’ हे खोटं होतं, ते दोन दिवसांनी गेलं. मी तार करू शकलो असतो. तेव्हा मला खरंच वाटत होतं की माळावर ते बरे राहतील. कोरडी भिंत, नळ, शिकवायला माणसं, आणि दोन वर्षांनी परत गावात. पूर्वेकडची घरं त्यांना कधीच मिळणार नव्हती, ती अठ्ठाविसाच्या वरच्यांसाठी आहेत. ‘नव्या शेजाराला झेपतील अशी कुटुंबं’ असं ठरावात लिहिलंय. ते वाक्यही मीच लिहिलं.

आता दुसरं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. अठरा हा आकडा अभ्यासातून आलेला नाही. मी सोळा सुचवले होते. फान आस्पेरेन साहेबांनी विचारलं, सोळाच्या खाली किती कुटुंबं येतील? मी म्हटलं, आसपासची गावं धरून पंधरासोळा. ते मला आडनावाने हाक मारून म्हणाले, “घरं चोवीस बांधली आहेत, वेयर्डा.” मग मी रेघ वर सरकवत गेलो. अठराला अंदाजाने चोवीस भरत होती, आणि तक्ते आल्यावर नेमकी तेवढीच झाली.

तुझं पत्र वाचून मी शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत हार्बर्सांचा तक्ता काढून घेतला. कोरा तक्ता घेऊन वीसचा भरला. संध्याकाळी साहेबांनी यादी मोजली. तेवीस. “एक कमी आहे,” म्हणाले, “वरून एक घ्या.” वरून म्हणजे अठरावर जे कुटुंब आहे ते. अठरावर एकच आहे. यान्ना स्लोट.

दोन्ही तक्ते माझ्या खणात आहेत. यादीवर चौदा तारखेला सही होईल. मावशी, मी दोघींनाही ओळखत नाही, म्हणजे आता ओळखत नाही. तू ओळखतेस. कोण, ते कळव. तोवर तुझं काही आलं नाही तर मूळ तक्ता होता तसा जाईल.

मला माफ कर असं म्हणायची ही वेळ नाही हे कळतं.

लुब्बर्ट


ऑस्टरफेन, ९ जानेवारी १९५२

लुब्बर्ट,

तुझं पत्र पाच डिसेंबरला, निकोलस संतांच्या सणाच्या सकाळी मिळालं. गल्लीत पोरं रात्री संत खाऊ टाकून जातात म्हणून शेगडीपुढे बूट मांडून ठेवत होती. मी पत्र पिशवीत घालून तशीच दिर्क्येकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. कपाटाचं, चौदाचं, माळाचं, तुझं. यान्नाचंही.

ती कणीक मळत होती. हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाली, “म्हणजे मी नाही तर यान्ना.”

“हो.”

“आणि हे तुम्ही मला कशाला सांगताय? मी ‘यान्ना’ म्हणावं म्हणून, का ‘मी’ म्हणावं म्हणून?”

तू ते ओझं माझ्यावर टाकलंस आणि मी उचलून तिच्या ओट्यावर नेऊन ठेवलं, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

“पोरीची छाती अधू आहे तिच्या,” दिर्क्ये म्हणाली. गोळा उलटा करून पुन्हा मळला. मग म्हणाली, “बाई, मी काही बोललेले नाही. काय ते तुम्ही लिहा. तुम्हाला लिहायची सवय आहे.”

आठ तारखेला लिहायला बसले. नऊलाही. दोन पत्रं लिहिली, एकात एक नाव आणि एकात दुसरं, आणि दोन्ही शेगडीत घातली. दहाला स्वतःला सांगितलं की उद्या. बारा तारखेची टपालाची वेळ टळली तेव्हा मी खिडकीशी बसून होते, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. न लिहिणं हेही लिहिणंच होतं, हे मला ठाऊक होतं.

चार जानेवारीला उघडा ट्रक आला. गाद्या वेगळ्या ढिगात, त्यांना धुरी द्यायची म्हणून. राइन्ट मागे हौद्यात पोरांना घेऊन बसला. दिर्क्येला आठव्या महिन्याच्या पोटाने वर चढता येईना. मी हात पुढे केला. तिने राइन्टला हाक मारली.

यान्ना दारात उभी होती. तिला काही माहीत नाही. ती मला म्हणाली, “बरं झालं ना बाई, मी खरं सांगितलं ते.”

मी उरलेले तक्ते मंडळाला परत पाठवलेत, कोरे. आणि घर बंद करून माळाजवळच्या एका शेतकऱ्याकडे खोली घेतली आहे. पत्ता खाली. फेब्रुवारीअखेर दिर्क्येचे दिवस भरतात. पाच मी केलीत. सहावंही करीन.

गेझिना वोल्टहाउस


हेग, १ फेब्रुवारी १९५२

प्रिय मावशी,

तू तिथे राहायला गेलीस हे वाचून घाबरलो. हे पत्र मिळताच ऐक, आणि या वेळी मी काही लपवत नाही.

माळावर दर शुक्रवारी तक्ता भरतात. माझाच तक्ता, थोडे प्रश्न बदललेत. नवा प्रश्न असा आहे: ‘जुन्या वस्तीतल्या व्यक्तींशी संबंध.’ कुणी भेटायला आलं की दर भेटीला एक गुण वजा, आणि तो ईस्टरच्या हिशोबातही वजाच राहतो. जुन्या संगतीपासून तुटल्याशिवाय माणूस सुधारत नाही, असा साहेबांचा सिद्धांत आहे. मी विरोध केला होता. फार जोरात केला नव्हता.

आणि ईस्टरला जे कुटुंब अठराच्या खाली असेल, त्यांचं थोरलं मूल ‘चांगल्या घरी’ ठेवायला नेतात.

तू जाऊ नकोस. आत्तापर्यंत किती वेळा गेलीस?

मला बढती मिळाली आहे. पुढच्या वर्षी हा तक्ता सगळ्या उत्तर भागात वापरणार आहेत. नाही म्हणायचं ठरवून साहेबांच्या खोलीत गेलो होतो. बाहेर आलो तेव्हा हातात नव्या कामाची फाइल होती. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

लुब्बर्ट


माळ, १८ एप्रिल १९५२

लुब्बर्ट,

पाच वेळा.

तुझं पत्र यायच्या आधी मी पाच वेळा फाटकातून आत गेले होते. दर वेळी काचघरातली बाई हसून म्हणायची, “या या, आजी,” आणि वहीत लिहायची. मला वाटलं येणाऱ्याचं नाव लिहितेय. दिर्क्ये दर वेळी दारातच बोलून मला वाटेला लावायची. मला वाटलं राग अजून गेलेला नाही.

तुझं पत्र मिळाल्यावर फाटकापाशी गेले आणि आत न जाता तिला निरोप दिला. ती तारेपाशी आली. म्हणाली, “कळलं का आता? मला कसं सांगता येणार होतं? तुम्हाला येऊ नका म्हटलं हे काचेतून ऐकू गेलं, तर ‘उद्धटपणा’ म्हणून आणखी एक जातो.”

“बाळंतपण?”

“इथली नर्स आहे. तिचं येणं मोजत नाहीत.”

सत्तावीस फेब्रुवारीला तिला मुलगी झाली. मी शेतकऱ्याच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. वारा तिकडून होता, म्हणून ऐकू आलं. दिर्क्ये कधी ओरडत नाही, पाचही वेळा ओरडली नव्हती. या वेळी तासभर ओरडत होती. मी चिमटे हातात धरून उभी राहिले. शेतकरीण म्हणाली, “आत या, थंडी आहे.” मग बाळाचा आवाज आला. चांगला, पोटातून. तेव्हा आत गेले.

ईस्टरला त्यांचे सतरा झाले. राइन्टने सगळी बाग खणली होती, दिर्क्ये ओली बाळंतीण असून खिडक्या पुसत होती. सतरा. माझ्या पाच भेटी काढल्या तर किती होतात ते तू कर.

मंगळवारी ती राखाडी मोटार आली आणि रूलीला नेलं. पोर रडली नाही. तिला कुणीतरी सांगितलं असावं की रडलं की गुण जातो. कुठे नेलं ते आईबापांना सांगत नाहीत. तुला कागदांतून शोधता येईल. शोध, आणि मला कळव. तेवढ्यासाठी हे पत्र.

गे. वो.


हेग, २६ एप्रिल १९५२

प्रिय मावशी,

रूली हार्बर्स दक्षिणेत आहे, एका गोठेवाल्या कुटुंबाकडे. पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे. शाळेत जाते. अठरा आठवड्यांनी परत विचार होईल, तोपर्यंत घरचे गुण सलग अठराच्या वर हवेत. हा पत्ता मी दिला हे कळलं तर माझी नोकरी जाईल. जाऊ दे असं लिहिणार होतो, पण मी तसा माणूस नाही हे आता तुलाही माहीत आहे.

तू माझ्याकडे राहायला ये. खोली मोठी घेतली आहे. तिथे राहून तू काहीही करू शकत नाहीस.

तुझा
लुब्बर्ट


माळ, २३ मे १९५२

लुब्बर्ट,

हेगला येणार नाही.

बाहेरची बाई भेटली तर गुण जातो. आतली भेटली तर जात नाही. म्हणून मी आतली झाले. काचघरातल्या बाईंकडे जाऊन तुमचं जुनं ओळखपत्र पुढे ठेवलं. मदतनीस हवीच होती त्यांना. म्हणाल्या, “अनुभवी माणूस मिळालं, आणि तेही मंडळाचंच.” राखाडी झगा दिलाय, कमरेला किल्ल्या. एकसष्टाव्या वर्षी.

वाटलं होतं, तिच्या घरात जाता येईल, बाळाला बघता येईल, रूलीचा पत्ता कानात सांगता येईल, आणि शुक्रवारी पेन्सिल माझ्या हातात असली की तिचे खरे तेवढे गुण तरी लिहीन. अठरा आठवडे वीस-वीस लिहिले की पोर परत.

आज पहिला शुक्रवार. माझ्याबरोबर काचघरातली बाई होती, नव्या माणसाचा हात कसा आहे ते बघायला. दार उघडंच होतं. दिर्क्येने मला बघितलं, झगा बघितला, किल्ल्या बघितल्या.

मी म्हटलं, “दिर्क्ये, मी आहे.”

“हो बाई,” ती म्हणाली.

बाळ तिच्या कडेवर होतं. मी हात पुढे केले तर तिने ते मला लगेच दिलं, तपासायला देतात तसं, कपडा वर करून, बाळाची पाठ माझ्याकडे करून. मग काही न विचारता कपाटाची दोन्ही दारं उघडली, गादी उलटून ठेवली, आणि चारही पोरांना हाक मारून भिंतीशी उभं केलं. पोरांनी हात पुढे केले, आधी वरून, मग तळवे. चौघांनाही मीच जगात आणलंय. तेही माझ्याकडे न बघता उभे होते.

“सुरू करा,” ती म्हणाली.

मावशी